चार बोटांची फट

समजा, तुमच्यासमोर टेबलावर एक लाकडी पेटी ठेवली आहे. जुन्या डबडा टीव्हीएवढी. पुढून काळं जाळीदार कापड, त्याच्यामागं बारा इंची स्पीकर. ही गिटारची पेटी. गिटारची वायर ॲम्प्लिफायरला जाते, ॲम्प्लिफायरची या पेटीला, आणि शेवटी जे काही ऐकू येतं ते या पेटीतून. आता तुम्हाला सांगितलंय की हिचा आवाज बदला. स्पीकरला हात लावायचा नाही, ॲम्प्लिफायरला नाही, गिटारला तर नाहीच. फक्त पेटी. काय कराल?

बहुतेक माणसं पेटीकडं नुसती बघत बसतील. चार फळ्या, एक पुढचं तोंड, एक पाठ. त्यात बदलण्यासारखं आहे काय?

जगदेवी मात्र आधी मधलं बोट दुमडून पेटीवर टकटक करील, कलिंगड घेताना करतात तशी. वरच्या फळीवर, कडेला, पाठीवर, कोपऱ्याशी. मग पेटी पालथी घालून स्क्रू मोजील. आणि मग एक उदबत्ती पेटवील.

उदबत्ती देवासाठी नाही. ती जगदेवीच्या वडिलांची, गुरप्पांची पद्धत. पेटीतून बारीक आवाजात जाड बेस सोडायचा आणि पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून, एक बोट अंतर ठेवून, सावकाश फिरवायची. धूर सरळ वर गेला तर सांधा पक्का. धूर थरथरला तर तिथून हवा निसटते. मिरवणुकीच्या बेसपेट्या करण्यात गुरप्पांनी जन्म घालवला. "पेटीनं श्वास सोडला की आवाज मेला," असं ते म्हणायचे, आणि त्यांच्या पेट्यांचा धूर दोऱ्यासारखा सरळ जायचा.

सोलापुरात, न्यू पाच्छा पेठेत यंत्रमागांच्या खडखडाटात जगदेवीची पत्र्याची शेड आहे. गुरप्पा जाऊन आठ वर्षं झाली तरी दारावर 'गुरप्पा साउंड' हीच पाटी. कुणी विचारलं तर ती म्हणते, "बदलायची कशाला? रंग चांगला हाय की अजून."

अकराव्या वर्षी ती या कामात पडली, आणि तेही भावामुळं. स्पीकरचा कोन, म्हणजे आतला कागदी शंकू, बदलताना मधली कॉइल चुंबकाच्या खोबणीत अगदी मधोमध बसवावी लागते. जुन्या एक्सरे फिल्मच्या पट्ट्या कापून त्या चारी बाजूंनी खोचायच्या, गोंद सुकू द्यायचा आणि मग पट्ट्या ओढून काढायच्या. गुरप्पांनी हे काम धाकट्या सोमशेखरला शिकवायला घेतलं. पण सोमशेखरच्या तळहाताला घाम फार. कोनचा कागद ओला व्हायचा, पोचा पडायचा. जगदेवीचे हात कोरडे. एकदा तिनं भावाच्या हातातून कोन काढून घेतला आणि बसवला. गुरप्पांनी बोटानं कोन हळूच खालीवर दाबून बघितला, कुठंही घासलं नाही. "उद्यापास्नं तू बस," म्हणाले. एवढीच तिची भरती.

मधे लग्न होऊन ती अक्कलकोटकडं गेली होती. चार वर्षांनी परत आली. त्याबद्दल ती एकच वाक्य बोलते: "तितं साधा रेडिओ बी उघडू देत न्हवते."

आता ती चव्वेचाळीस वर्षांची आहे. गेल्या दोनतीन वर्षांत मात्र काम उतरलं. लोक डीजेच्या दणक्याला वैतागले, मंडळांनी पुन्हा हलगी नि लेझीम काढली. कान वाचले, पण जगदेवीच्या बेसपेट्या कुणी मागेना. सोमशेखर चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात आहे. तो दर रविवारी यायचा आणि एकच रेकॉर्ड लावायचा.

"अक्का, टॉवेलच्या पॅकिंगवाल्याला शेड पायजे हाय. लई दिवस थांबणार न्हाय त्यो. तुला आमच्या कंपनीत लावतो की. कॅन्टीन हाय, यायला-जायला बस हाय."

"बस बघितलीय मी तुमची. तिचा स्पीकर फाटलाय. त्यो तेवढा नीट करून देते, मला बसवू नको तिच्यात."

अशा दिवसांत फरहान आला. सव्वीस वर्षांचा, चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारा. संध्याकाळी गिटार. स्कूटरवर पायांच्या मधे पेटी उभी करून, गुडघ्यांनी आवळून, तो अशोक चौकातून रडतखडत आला होता.

"जुनी घेतलीय, अक्का. पुण्यातनं. समोर बसलं की कान फाटतात. बाजूला बसलेल्याला विचारलं कसं वाटलं, तर म्हणतो, वाजवलं कधी?"

जगदेवी हसली. टकटक केली. भुशाची दाबलेली फळी, स्क्रू आठच.

"करून देते. त्यात काय हाय?"

"नीट करा पण. आमच्या गिटारच्या क्लासच्या महेश्वरी मॅडम हायत ना, त्यांच्याकडं शिकणाऱ्या सहाजणांना घरी वाजवायला अशाच पेट्या पायजेत. ही जमली तर सहाच्या सहा तुमच्याकडंच. न्हायतर पुण्याहून तयार मागवणार. शनिवारी अकराला मॅडम स्वतः ऐकणार हायत."

सहा पेट्या. मिरवणुकीच्या नव्हेत, घरातल्या. आज सहा घरांत गेल्या की उद्या अजून चार घरांत जातील. जगदेवीनं लगेचच्या रविवारी भावाला सांगून टाकलं, "ह्या पेट्या मिळाल्या तर शेड माझी, परत विषय काढायचा न्हाय. न्हाय मिळाल्या तर शनिवारी किल्ली तुझ्या हातात."

"नक्की?"

"अप्पांची शप्पत."

सोमशेखरनं मान डोलावली. त्याला वाटलं, बाई फारच खात्रीत आहे. ती होतीच.

तिनं घराण्याची सगळी विद्या त्या पेटीला लावली. उदबत्ती फिरवली तेव्हा दोन कोपऱ्यांत धूर थरथरला. तिथं भुसा आणि गोंद कालवून भरला. आठ स्क्रूंचे चोवीस केले. आतून आडवी पट्टी ठोकून पाठ दणकट केली. शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यात बाळाबाई काठ शिवायची, तिच्याकडून कतरणीचं पोतं आणलं आणि पेटीत गच्च भरलं.

बाळाबाई दारात उभी राहून बघत होती. "गादी करतीस का पेटी?"

"आवाज हलू नये म्हणून भरायचं असतं गं."

"मग झोपंल की त्यो."

"तू काठ शीव जा."

शेवटी पुन्हा उदबत्ती फिरवली. सगळीकडं धूर दोऱ्यासारखा. मंगळवारी पेटी गेली. बुधवारी संध्याकाळी परत आली, रिक्षातून, कारण आता ती स्कूटरवर मावेना इतकी जड झाली होती.

"अक्का," फरहान चाचरत म्हणाला, "गिटार वाजतीया, पण शेजारच्या घरात वाजल्यासारखी."

गुरप्पांच्या पाटीखालून गेलेली पेटी परत येण्याची ही पहिली वेळ. दुसरं कुणी असतं तर आधी गिटारला, मग ॲम्प्लिफायरला, मग गिऱ्हाइकाच्या कानाला नावं ठेवली असती. जगदेवीनं टेबल मोकळं केलं. "हितं वाजव."

फरहाननं वाजवलं. ती समोर उभी राहिली, मग बाजूला, मग डोळे मिटून दाराशी. मग म्हणाली, "घशात कापूस बसलाय हिच्या."

"मी तेच म्हणत होतो, पण तुमच्यासमोर बोलायला..."

"बोलायचं की! लाजत काय बसलास." ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "मला सांग, तुझी गिटार जाडी बोलती का बारीक?"

"मधलं. माणूस बोलतो तेवढ्यातच निम्मं काम होतं."

जगदेवीनं आयुष्यभर ढोलासाठी पेट्या केल्या होत्या. ढोलाचा दणका कोंडला तरच छातीवर आदळतो. माणसाला खोलीत कोंडून, तोंडात बोळा घालून बोलायला लावलं तर काय होणार? तेच झालं होतं. विद्या खरी होती, फक्त भलत्याच पेटीला लावली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "अप्पांचं चुकलं न्हाय. अप्पांनी गिटार ऐकलीच न्हवती."

मग तिनं स्वतःच मारलेले चोवीस स्क्रू स्वतःच काढायला घेतले. फरहान हाताला चाळा म्हणून हळू हळू वाजवत बसला होता. कतरण उपसून झाली. आवाज थोडा सुटला. मग तिनं पाठीची फळी उचलून बाजूला ठेवली, आणि शेड भरून गेली. म्हणजे आवाज वाढला असं नाही. पण तो आता पेटीतून येत नव्हता. पत्र्यावरून येत होता, मागच्या भिंतीवरून येत होता, तिच्या पाठीमागूनही येत होता.

"थांब थांब! वाजव!"

"थांबू का वाजवू?"

"मी थांबते. तू वाजव."

ती पेटीभोवती फिरली. बाजूला गेली तरी तोच आवाज, कोपऱ्यात गेली तरी तोच. समोरच्याचे कान फाटत नव्हते. शेजारून बाळाबाई डोकावली, हातात टॉवेल तसाच. "उठला वाटतं?"

"उठला. पण पाय न्हाईत त्याला." कारण तेही तिच्या लक्षात आलं होतं. गिटारची सगळ्यात जाड तार छेडली की आवाज पोकळ, जमिनीला न टेकलेला. पाठ पूर्ण बंद तर मुका, पूर्ण उघडी तर लंगडा.

इथून पुढं तिनं जे केलं त्याला दोन संध्याकाळी लागल्या. पाठीची फळी करवतीनं आडवी कापून तीन पट्ट्या केल्या. एक वर बसवली, एक खाली, तिसरी हातात धरून वरखाली सरकवत राहिली. मधली फट लहान-मोठी करायची आणि फरहाननं तेच चार सूर वाजवायचे. मोजायची टेप शेडमधे होती, पण एका हातात फळी असताना टेप कोण धरणार? तिनं फटीत बोटं घालून मोजलं. दोन बोटं ठेवली तर नाकातून बोलल्यासारखं. पंजाभर ठेवली तर पुन्हा लंगडं. तीन बरं. चार बोटांवर जाड तार बसली आणि बारीक तारही मोकळी राहिली.

"हितंच," फरहान म्हणाला.

"कानावर मी पण विश्वास ठेवते, पण थांब." तिनं उदबत्ती पेटवली. इतकी वर्षं ती धूर हलतोय का हे बघायला उदबत्ती धरत आली होती आणि हलला की सांधा बुजवत आली होती. आज तिनं ती मुद्दाम फटीसमोर धरली. "जाड तार."

दोन बोटांच्या फटीतून धूर पिचकारीसारखा उडाला. पूर्ण उघड्या पाठीसमोर नुसता आळसट वळला. चार बोटांना मात्र तो आत जात होता, बाहेर येत होता, आत, बाहेर, झोपलेल्या लेकराच्या पोटासारखा.

"बघ," ती म्हणाली, "श्वास सोडतीया, आणि मेली न्हाय." पेन्सिलनं तिनं फळीवर खूण केली.

शनिवारी अकराला सात रस्त्याजवळच्या क्लासमधे सगळे जमले. महेश्वरी मॅडम पन्नाशीच्या आतल्या, आवाज मऊ पण माणूस मऊ नाही. त्या समोरची खुर्ची सोडून मुद्दाम कोपऱ्यात जाऊन बसल्या. जगदेवीला ते आवडलं. बाईंना कुठं बसून ऐकायचं ते कळत होतं. सोमशेखर रात्रपाळी करून तसाच आला होता.

"किल्ली न्यायला आलास व्हय रे?"

"पेटी उचलायला आलोय."

फरहाननं पेटी भिंतीला टेकवून ठेवली, वायर जोडली आणि वाजवायला लागला.

बुधवारचाच आवाज. घशात कापूस. तितका गच्च नव्हे, पण कापूसच. फरहाननं जगदेवीकडं बघितलं, त्याची बोटं अडखळली. महेश्वरी मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "बरी आहे. पण तयार पेटीपेक्षा वेगळं काय झालं यात?"

सोमशेखर खाली बघायला लागला. शपथ त्याला आठवत होती.

जगदेवीलाही आठवत होती. पण पेटी तिच्या शेडमधे बोलली होती, तिनं स्वतः धूर बघितला होता, आणि रिक्षात बसून पेटी काही विसरून येत नाही. म्हणजे पेटीत काही बिघडलं नव्हतं. मग दुसरं काय बदललं? तिनं खोलीभर नजर फिरवली. उठून भिंतीशी गेली आणि सवयीनं टकटक केली. काही ऐकू आलं नाही. भिंतीवर चादर होती. चारी भिंतींवर, खिळे मारून, छतापासून खालपर्यंत, जाड सोलापुरी चादरी.

"ह्या कशाला, मॅडम?"

"शेजारी जोशीकाका आहेत. गिटारचा त्यांना त्रास होतो."

"आणि तुमच्या चादरींनी माझी निम्मी पेटी गिळली." ती पेटीच्या मागं वाकली. "हिच्या पाठीतनं पण आवाज येतो. त्यो भिंतीवर आपटून परत यायला पायजे. हितं भिंतच न्हाय, अंथरूण हाय. एक चादर काढू का? मागचीच. पाच मिनिटं."

"जोशीकाका..."

"त्यांना पण कळू दे की, कसं झालंय."

महेश्वरी मॅडम हसल्या आणि मान हलवली. सोमशेखरनं स्टुलावर चढून खिळे काढले, चादर उतरली. जगदेवीनं पेटी भिंतीपासून दीड हात पुढं ओढली, थोडी तिरकी केली, पुन्हा दोन बोटं मागं ढकलली. "आता वाजव. जाड तारेपासनं."

फरहाननं वाजवलं. महेश्वरी मॅडम आधी बसूनच होत्या. मग उठल्या. दाराशी गेल्या, खिडकीशी गेल्या, पेटीच्या मागंही जाऊन आल्या. फरहान थांबला तर हातानंच खूण केली, चालू ठेव. तेवढ्यात भिंतीपलीकडून धप् धप् अशा दोन थापा आल्या.

"काकांना पोचलं," सोमशेखर म्हणाला.

सगळे हसले. महेश्वरी मॅडमसुद्धा. मग त्या म्हणाल्या, "कुठंही उभी राहिले तरी एकच गिटार ऐकू येते. मला हेच हवं होतं. सहा करा. पण एक अडचण सांगून ठेवते. मुलांच्या खोल्या सारख्या नाहीत. एकजण जेऊरहून गाडीनं येतो, त्याच्याकडं दगडी भिंती. वैरागची मुलगी वाजवते त्या खोलीत अर्ध्या उंचीपर्यंत सोयाबीनची पोती असतात. तिथं काय करणार?"

"फळी सरकती करते," जगदेवी म्हणाली. हे उत्तर तिला बोलता बोलताच सुचलं होतं, पण आधीपासून ठरल्यासारखं ती बोलली. "कपाटाच्या काचा सरकतात तशी. ज्यानं त्यानं आपल्या खोलीत सरकवून बघायचं."

जिना उतरताना पेटी सोमशेखरच्या खांद्यावर होती. "अक्का, पॅकिंगवाल्याला काय सांगू?"

"दुसरीकडं बघ म्हणावं. आणि तुमच्या कंपनीत सरकत्या काचांची चॅनल मिळते का भंगारात, तेवढं विचार. हात पुसून आण, घामट कुठला."

आता सहातली पहिली पेटी तयार आहे. पाठीवर दोन चॅनलींमधे फळी सरकते आणि कडेला पेन्सिलच्या पाच खुणा आहेत, एक बोट, दोन बोटं, अशा. रविवारी फरहान आला तेव्हा तिनं आधी शेडमधे वाजवून घेतलं. चारच्या खुणेवर नेमकं बसलं. मग तिला राहवेना. पेटी उचलून गल्लीत आणली, लांब वायर ओढली. उघड्यावर चारची खूण पोकळ लागली, तीनला बरी झाली. मग शेजारी बाळाबाईच्या शिवणाच्या खोलीत नेली, जिथं टॉवेलांच्या थप्प्या छातीपर्यंत. तिथं एकाही खुणेवर मनासारखं जमेना.

"माझे टॉवेल हालवू नको," बाळाबाईनं बजावलं.

जगदेवी परत शेडमधे आली. पेटी टेबलावर ठेवली, फळी चारवर आणली. ऐकलं. इथं पुन्हा नेमकं. खुणांवर पक्का रंग मारायला तिनं डबी उघडून ठेवली होती, ब्रशही बुडवला होता. चारच्या खुणेवर लाल ठिपका द्यायचा, म्हणजे नव्या माणसाला सुरुवात कुठून करायची ते कळेल, असा बेत होता. ब्रश तिनं तसाच हवेत धरला आणि वर पत्र्याकडं बघितलं, मग पेटीकडं, मग फरहानकडं.

"तू शिकलेला हायस, सांग मला. हितं चार बोटं बरोबर लागतात, ती ह्या पेटीला लागतात का माझ्या पत्र्याला?"